डॉ. सलीम अली आणि सुगरणीचें घरटें

पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्या विहिरीवर वांकलेल्या बाभळीकडे किंवा ओढ्याकांठच्या शिंदीकडे पाहिलें असतां गवताच्या पात्यांनीं विणलेलीं, दुधी भोपळ्याच्या आकाराचीं घरटीं वाऱ्यावर हेलकावे खातांना दिसतात. तीं सुगरण पक्ष्याचीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. मराठी माणसानें या पक्ष्यास जें नांव दिलें तें घरांतील कर्तबगार गृहिणीचें आहे. आणि बहिणाबाई चौधरी यांच्यासारख्या कवयित्रीनें या घरट्याचें कौतुक केलें तेंहि पिलांसाठीं खपणाऱ्या आईची कारागिरी म्हणूनच केलें. परंतु घरट्याची विणकर मादी नव्हे. विणतो तो नर. मादी येते ती घर पाहावयास, आणि पसंत पडलें तर राहावयास. ही गोष्ट, आणि तिच्यामागोमाग येणारी दुसरी एक अधिक नवलाची गोष्ट, ज्यांनीं दिवसचे दिवस पाळत ठेवून पुराव्यानिशीं जगापुढें मांडली, त्या डॉ. सलीम अली यांचें चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असतांना वडिलांचें व तीन वर्षांचे असतांना आईचें छत्र गेलें. खेतवाडींत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनीं या पोरक्या भाच्यांस आपल्या घरीं नेऊन वाढविलें. सलीमचें पहिलें शिक्षण गिरगांवांतील एका मिशनच्या मुलींच्या शाळेंत दोन बहिणींबरोबर झालें. अभ्यासांत त्यानें विशेष चमक दाखविली असें कोणीं म्हटलेलें नाहीं, आणि त्यानें स्वतःहि तसा आव कधीं आणला नाहीं. त्याचें खरें लक्ष मामांनीं दिलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीकडे असे.

या बंदुकीची हकीकत आम्ही जरा विस्तारानें सांगणार आहों. ती वाचून कांहीं पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, तरी ती टाळतां येत नाहीं. इसवी सन १९०६-०७ च्या सुमारास, म्हणजे सलीम दहाएक वर्षांचा असतांना, घराच्या तबेल्यांतील भिंतीच्या एका भोकांत चिमणीनें घरटें केलें होतें. मादी आंत अंड्यांवर बसलेली असे आणि नर बाहेर एका खिळ्यावर बसून पहारा करी. सलीमनें तेथें उभ्या असलेल्या गाडीमागें दडून त्या नरास टिपलें. थोड्याच वेळांत त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. तोहि मारला गेला. लगेच तिसरा आला. अशा रीतीनें सात दिवसांत आठ नर पडले, आणि प्रत्येक वेळीं त्या विधवेस नवा सोबती मिळण्यास फारसा अवधि लागला नाहीं.

मुलानें चिमण्या मारणें ही त्या काळीं नवलाची गोष्ट नव्हती. नवलाची गोष्ट ही कीं, या मुलानें ती वहींत लिहून ठेवली. किती दिवस, किती नर, कोणत्या जागीं, हें सारें त्यानें टिपलें होतें; आणि पुढें साठीच्या घरांत गेल्यावर, पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेंत हें बालपणचें टिपण त्यांनीं जसेंच्या तसें छापावयास दिलें. आपल्या हातून झालेल्या हत्येवर त्यांनीं पांघरूण घातलें नाहीं आणि तिच्याबद्दल अश्रूहि ढाळले नाहींत. घरट्याची जागा धरून बसलेल्या मादीपाशीं येण्यास इतर नर टपलेले असतात, हें त्या टिपणावरून कोणासहि कळतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांची वही घ्यावी, बंदूक घेऊं नये. रानांतील पशुपक्ष्यांस अभय देणारा १९७२ चा कायदा त्या वेळीं नव्हता, आज तो आहे.

त्याच बंदुकीनें एके दिवशीं एक निराळीच चिमणी पडली. तिच्या गळ्यावर हळदीचें बोट लावावें तसा पिवळा ठिपका होता. ही खाण्यास चालते किंवा नाहीं असा प्रश्न धर्मनिष्ठ मुसलमान घरांतील मुलास पडला, आणि तो ती मामांकडे घेऊन गेला. मामा नामांकित शिकारी. परंतु त्यांनाहि तिचें नांव सांगतां येईना. ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जुने सभासद होते. त्यांनीं सोसायटीचे सेक्रेटरी मिलर्ड साहेब यांच्या नांवें चिठ्ठी लिहून भाच्यास पाठविलें. त्या काळीं दहा वर्षांच्या एतद्देशीय मुलानें गोऱ्या साहेबाच्या कचेरींत एकट्यानें जाणें म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांस यावयाची नाहीं. हातांतील कागदाच्या पुडींत मेलेली चिमणी आणि छातींत धडधड, असा तो जिना चढला. मिलर्ड यांनीं चिमणी ओळखली, आणि तेवढ्यावर न थांबतां कपाटांतील खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेंकडों पक्षी त्यास दाखविले. पक्ष्याची कातडी कशी सोडवावी व कशी टिकवावी हेंहि पुढें त्यास तेथेंच शिकावयास मिळालें. एका मोठ्या माणसानें एका पोरासाठीं अर्धा तास मोडला, एवढीच ही गोष्ट.

पुढचीं कांहीं वर्षें मात्र धरसोडीचीं गेलीं. १९१३ सालीं सलीम कसाबसा मॅट्रिक झाला. कॉलेजांतील बीजगणित व लॉगरिथम यांपुढें टिकाव न लागून त्यानें ब्रह्मदेशांत तव्हॉय येथें कुटुंबाच्या वुल्फ्रामच्या खाणींकडे व लांकडाच्या व्यापाराकडे जाणें पसंत केलें. व्यापार बेताचाच झाला. आसपासचें रान मात्र पक्ष्यांनीं भरलेलें होतें. १९१७ मध्यें मुंबईस परत आल्यावर दावर कॉलेजांत व्यापारी कायदा व हिशेबनिशी शिकणें सुरू झालें. याच वेळीं सेंट झेवियर कॉलेजांतील स्विस जेझुइट पाद्री व वनस्पतिशास्त्राचे मोठे पंडित फादर ब्लॅटर यांनीं या तरुणाचा खरा ओढा कोठें आहे हें ओळखलें व त्यास प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केलें. सकाळीं हिशेबाचे तक्ते आणि नंतर प्राण्यांचीं हाडें, असा दुहेरी अभ्यास कांहीं काळ चालला. १९१८ च्या डिसेंबरांत तेहमिना बेगम यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. या बाईंचें नांव आम्ही मुद्दाम घेतों; पुढें जें घडलें तें त्यांच्या पाठबळाशिवाय घडतें ना.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यांत पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांस मिळूं शकली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमच्या (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या) सृष्टिविज्ञान विभागांत, येणाऱ्या लोकांस व शाळांच्या मुलांस संग्रह समजावून सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. दोन वर्षांत त्यांस वाटूं लागलें कीं, आपलें ज्ञान वरवरचें आहे. रजा घेऊन ते बर्लिन येथील प्राणिशास्त्रीय म्यूझियममध्यें प्रोफेसर एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं शिकावयास गेले. स्ट्रेसेमान हे त्या काळच्या पक्षिशास्त्रज्ञांत अग्रगण्य. पेंढा भरलेले पक्षी मोजून नांवें देणें हें शास्त्राचें एक अंग झालें. जिवंत पक्षी काय करतो, कां करतो, हें दुसरें अंग, व त्याकडे तेथील मंडळी वळलीं होतीं. पुढें जन्मभर सलीम अली स्ट्रेसेमान यांस आपले गुरु मानीत.

१९३० सालीं ते मोठ्या उमेदीनें परतले. परंतु म्यूझियममधील त्यांची जागा पैशाच्या टंचाईमुळें काढून टाकण्यांत आली होती. वय तेहतीस, विलायती शिक्षण घेतलेलें, आणि नोकरी नाहीं. मुंबई सोडून पतिपत्नी समुद्रापलीकडे किहीम या गांवीं राहावयास गेलीं. किहीम हें अलिबागेच्या उत्तरेस, त्या वेळच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांतील समुद्रकांठचें खेडें. नारळी-पोफळीच्या बागा, भाताचीं खाचरें आणि समोर समुद्र. पावसाळा सुरू झाला. जवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनीं वसाहत मांडली. बेकार माणसाजवळ एकच गोष्ट मुबलक असते, ती म्हणजे वेळ. सलीम अलींनीं तो सारा त्या झाडाकडे लावला.

आतां त्यांनीं काय पाहिलें तें सांगतों.

एरवीं सुगरणीचा नर आणि मादी दोघेंहि साध्या चिमणीसारखीं मळकट दिसतात. पावसाळा जवळ आला कीं नराच्या डोक्यावर व छातीवर झळझळीत पिवळा रंग चढतो आणि गालांवर काळपट बुरखा येतो. मग नरांची टोळी एखादें झाड पसंत करते: कांटेरी बाभूळ, ताड किंवा शिंदी, आणि खालीं पाणी असेल तर उत्तम; कारण साप व कावळा यांस तेथें पोंचणें अवघड. नर भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्यावर बसतो, बुडाशीं चोंचीनें एक खांच पाडतो, कडेचा धागा चिमटींत धरावा तसा चोंचींत धरतो आणि उडतो. त्यासरशीं लांबच लांब चीर सुटून येते. अशा शेंकडों खेपा एका घरट्यासाठीं होतात. प्रथम फांदीस गुंडाळून घट्ट गांठी, मग खालीं लोंबणारें एक कडें, मग त्या कड्याभोंवतीं वरून छप्पर. येथवर काम आलें म्हणजे घरटें शिपायाच्या टोपासारखें दिसतें: वर घुमट, खालीं उघडें, आणि मध्यें हनुवटीखालच्या पट्ट्यासारखी एक आडवी दोरी.

आणि येथें नर काम थांबवितो.

जुन्या निरीक्षकांस हीं अर्धवट घरटीं एक कोडेंच होतीं. कोणी म्हणत, मादी अंड्यांवर बसली असतां नरास बसावयास हे झोपाळे केलेले आहेत. कोणी म्हणत, पावसांत आसरा म्हणून. पूर्ण घरटें एका जोडप्याचें आणि अर्धें घरटें नराच्या करमणुकीचें, अशी समजूत रूढ होती. सलीम अलींनीं तर्क बाजूस ठेविला आणि एकाच झाडावरील एकेका घरट्याचा रोजचा जमाखर्च ठेवावयास आरंभ केला: आज किती विणलें, कोण आलें, कोण आंत गेलें, कोण परत गेलें. पावसाची झड, डांस, आणि तासन् तास हालचाल न करतां बसणें. हें काम लिहिण्यास दोन ओळींचें आहे, करण्यास महिन्यांचें.

त्यांच्या ध्यानांत आलें तें असें. बरेच नर टोपाएवढीं घरटीं करून बसले म्हणजे एके दिवशीं माद्यांचा थवा झाडावर उतरतो. सारी वसाहत एकदम खळबळून उठते. प्रत्येक नर आपापल्या घरट्याच्या तळाशीं लोंबकळून पंख फडफडवितो व मोठ्यानें ओरडून गातो. मादी मात्र शांत असते. ती एका घरट्यांत शिरते, आडव्या दोरीवर बसते, चोंचीनें इकडे तिकडे ओढून पाहते, आणि नापसंत असल्यास निमूटपणें शेजारच्याकडे जाते. नर मागें लागला तरी उपयोग नसतो. निवड सर्वस्वीं तिची. तिनें एक घरटें आपलें म्हटलें कीं त्या दोघांचें मीलन होतें, आणि मगच नर उरलेलें काम हातीं घेतो: एका बाजूस अंड्यांची खोली बंद करतो व दुसऱ्या बाजूनें खालीं लोंबणारी लांब नळी विणतो. आंतील मऊ बिछाना मादी स्वतः करते. टोपाएवढें होऊनहि ज्या घरट्यांत कोणीच आली नाहीं, तें तसेंच लटकत राहतें. जुन्या लोकांचे झोपाळे ते हेच: न झालेल्या लग्नांचीं घरें.

याहून मोठें आश्चर्य पुढें आहे. मादी अंड्यांवर बसली कीं नराचा त्या घराशीं संबंध बहुतांशीं संपतो. दोन ते चार पांढरीं अंडीं उबविणें, पिलांस किडे आणून भरविणें, हें सारें तिच्या एकटीवर. नराचा हातभार लागलाच तर क्वचित्. तो जवळच नवें घरटें सुरू करतो, तें टोपाएवढें करून थांबतो, आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ती आली कीं तिसरें. अशा रीतीनें एका पावसाळ्यांत एकच नर एकामागून एक दोन, तीन, प्रसंगीं याहूनहि अधिक संसार थाटतो. सुगरणीचें जोडपें एकनिष्ठ असतें ही समजूत त्या किहीमच्या झाडानें खोटी पाडली. माणसाच्या नीतीचे गज घेऊन पांखरें मोजूं नयेत, असें आम्हांस वाटतें. नर काम सोडून पळतो असें नव्हे. त्याचें काम विणण्याचें, तें तो मोसम संपेपर्यंत करीत असतो. भिंती दाट, दार नळीसारखें आणि दाणापाणी मुबलक, म्हणून मादीस एकटीनें पिलें वाढवितां येतात.

घरट्यांत मातीचे गोळे चिकटविलेले आढळतात. त्यांत सुगरण रात्रीं काजवे खोंचून दिवा लावते, अशी जुनी लोककथा आहे. गोळे खरे, दिवा कथेंतला.

हा अभ्यास १९३१ सालीं नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचें नांव परदेशच्या पक्षिशास्त्रज्ञांत झालें. त्यासाठीं प्रयोगशाळा लागली नाहीं, सरकारी मदत लागली नाहीं. पक्षीहि असा, कीं जो गुराख्याच्या पोरासहि ठाऊक. पुढील निरीक्षकांनीं सुगरणीवर पुष्कळ काम केलें व किहीमच्या निष्कर्षांस बळकटी आणली. त्यांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: मादी घरटें पसंत करतांना विणीपेक्षां जागेकडे अधिक पाहते, असें अलीकडील संशोधकांस आढळून आलें आहे. जागा मनाजोगी असेल तर कारागिरींतील थोडें उणें ती खपवून घेते. घर शोधणाऱ्या आमच्या पालकांस यांत नवल वाटूं नये.

नोकरी नव्हतीच, तेव्हां सलीम अलींनीं एक युक्ति काढली. संस्थानिकांस त्यांनीं लिहिलें कीं, आपल्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी आपण पगार न घेतां करून देऊं, फक्त मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च द्यावा. १९३१-३२ मध्यें हैदराबाद, नंतर त्रावणकोर व कोचीन, अशा पाहण्या झाल्या. तंबूंतील या भटक्या संसारांत तेहमिना बेगम हौसेनें बरोबर असत. १९३९ सालीं एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचें निधन झालें. सलीम अलींस मूलबाळ नव्हतें व त्यांनीं पुन्हां विवाह केला नाहीं. बहीण व मेहुणे यांच्या घरीं ते राहूं लागले. या दुःखानंतर दोनच वर्षांनीं, १९४१ मध्यें, त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघालें. भारतांतील किती मुलांनीं आपल्या अंगणांतील पांखरांचीं नांवें त्या पुस्तकावरून प्रथम शिकलीं, याची गणती नाहीं. पुढें अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनीं भारत व पाकिस्तान यांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळांत प्रसिद्ध झाला.

मानसन्मानांची यादी आम्ही लांबवीत नाहीं. १९५८ सालीं पद्मभूषण, १९७६ सालीं पद्मविभूषण, १९८५ सालीं राज्यसभेंतील नेमणूक. १९७६ मध्येंच जे. पॉल गेटी यांच्या नांवाचें वन्यजीवरक्षणाचें मोठें पारितोषिक मिळालें. भरतपूरच्या पाणथळास व केरळांतील सायलेंट व्हॅलीच्या अरण्यास जें संरक्षण मिळालें त्यांत त्यांच्या शब्दाचें वजन होतें. ज्या सोसायटीच्या जिन्यावर दहा वर्षांचा मुलगा भीत भीत चढला होता, तीच संस्था स्वातंत्र्यानंतर अडचणींत आली तेव्हां तिला तगविण्याचें कामहि मुख्यतः त्यांनींच केलें.

स्वभावानें ते कांटेकोर. टिपण अपुरें असलें किंवा वेळ चुकली तर राग लपत नसे. अंगलट बारीक, चाल झपाझप, आणि गळ्यांत दुर्बीण. उतारवयांतहि दूरदूरच्या रानांतील त्यांच्या फेऱ्या थांबल्या नाहींत.

१९८५ मध्यें त्यांनीं आत्मचरित्र लिहिलें तेव्हां राजदरबार, मानपत्रें, मोठमोठ्या मोहिमा हें सारें सांगण्याजोगें असूनहि ग्रंथास नांव दिलें तें त्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीवरून. २० जून १९८७ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. कोंकणांत तेव्हां पावसाळ्याचा आरंभ होता, आणि सुगरणीच्या नरांचा घरटीं विणण्याचा हंगाम.